लाटेवर कोण स्वार होतं?

सर्फिंग म्हटलं की मराठीत ठरलेला शब्दप्रयोग येतो: 'लाटेवर स्वार होणे'. घोडा, लगाम, मांड, सगळं आपसूक आलं. लाँगबोर्डच्या बाबतीत हे भाषांतर साफ चूक आहे, आणि ते मोडीत काढलं पाहिजे.

हवाईयन भाषेत या क्रियेला 'हेए नालू' म्हणतात. 'नालू' म्हणजे लाट. 'हेए' म्हणजे घसरणं, सरकणं, वाहणं, विरघळणंसुद्धा. (ऑक्टोपसही हेएच.) स्वारी कुठेच नाही.

आता फळी पाहा. नऊ फूट किंवा त्याहून लांब, जड, पुढून गोलसर. ती झटक्यात वळत नाही. म्हणून सर्फर लाटेच्या अंगावरचा असा पट्टा शोधतो, जिथे फळी आपणहून धावते, आणि तिथेच राहतो. मग पावलापुढे पाऊल टाकत, पाय न घासता, टोकाकडे चालत जातो. मागच्या भागावरून वाहणारं पाणी फळी दाबून धरतं, म्हणून दहाही बोटं टोकाबाहेर काढून उभं राहता येतं. तोल लाट सांभाळते. माणसाने फक्त आड यायचं नसतं. १९६७नंतर फळ्या आखूड झाल्या, लाट 'फाडण्याची' भाषा आली. त्या फळ्यांना ती शोभतेही.

या चालण्याला 'झेन' किंवा 'ध्यान' म्हणणाऱ्यांची मला चीड आहे. त्याहून जास्त चीड 'पारंपरिक शैली' म्हणजे १९५०-६०चं मालिबू समजणाऱ्यांची. वाइकीकीला ड्यूक काहानामोकू आणि सोबत्यांचा 'हुई नालू' क्लब १९११चा. त्याआधी शतकानुशतकं कोआ आणि विलिविलीच्या फळ्या होत्या. (ती परंपरा काही समतेची नव्हे, लांबलचक 'ओलो' मुख्यतः सरदारांची.) १८९३मध्ये हवाईचं राज्य उलथवलं गेलं. १८९६च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम गेलं. ती पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली १९७८मध्ये. मधल्या काळात हा खेळ जगभर गेला तो इंग्रजी शब्दांतून. आपण मराठीत आणतो ते भाषांतराचं भाषांतर, आणि मूळ भाषेचं नावही घेत नाही. भारतीय भाषांमधल्या वाचकांना हा अनुभव नवा नसावा.

मी 'हेए नालू' तसंच ठेवते. संपादक तळटीप मागतात, ती देते. कोशात 'नालू'चा आणखी एक अर्थ आहे: मनन करणं, विचारात बुडणं. ध्यानवाल्यांना जे हवं होतं ते त्याच शब्दात होतं, जपानपर्यंत जायची गरज नव्हती.