रंगाचा दुसरा हात

घराला रंग देणारा कारागीर पहिल्या दिवशी संध्याकाळी साहित्य आवरून निघतो, तेव्हा यजमानाचा जीव थोडा खालीवर होतो. भिंतीवर पट्टे उमटलेले असतात, जुना रंग मधूनमधून डोकावत असतो. आपण काही बोलू लागलो, की तो शांतपणे म्हणतो, "साहेब, हा पहिला हात आहे. वाळू द्या. दुसऱ्या हाताला बघा." बँकेच्या ३४ वर्षांच्या सेवेत बदलीच्या प्रत्येक गावी मी हे वाक्य ऐकले होते. त्यातील अर्थ मात्र मला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, माझ्या तळहातावर मावेल अशा एका विमानाने शिकवला.

माझ्या अकरा वर्षांच्या नातवाला त्याच्या मामांनी वाढदिवसाला 'टायगर मॉथ' या विमानाच्या प्रतिकृतीचा संच दिला. डी हॅविलँड या इंग्लिश कंपनीचे हे दुहेरी पंखांचे विमान १९३१ मध्ये प्रथम उडाले. पुढे अशी आठ हजारांहून अधिक विमाने तयार झाली आणि वैमानिकांच्या कित्येक पिढ्या त्यांवर उड्डाण शिकल्या. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतही ती वापरात होती. संचाचे प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट येथे एका इंचात बसतात. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार २९ फूट ४ इंच, तर प्रतिकृतीचा जेमतेम १२ सेंटिमीटर. प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीतून कापायचे, जोडायचे आणि रंगवायचे. या प्रमाणाचे प्लॅस्टिक संच इंग्लंडमध्ये 'फ्रॉग' कंपनीने १९३६ मध्ये 'पेंग्विन' या नावाने विकायला आणले होते. ती विमाने उडणारी नव्हती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव!

शिकाऊ विमाने इतर वैमानिकांना दुरून ओळखू यावीत, म्हणून ती पिवळी रंगवण्याची पद्धत होती. नातवाने आपलेही विमान पिवळेच करायचे ठरवले. पिवळा हा नवशिक्याची परीक्षा पाहणारा रंग आहे, हे तेव्हा आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. तो पातळ झाकतो. खालचा करडा प्लॅस्टिक त्यातून दिसत राहतो.

पहिल्याच दुपारी त्याने बाटलीतला रंग तसाच उचलून एका पंखावर फासला. कुठे पट्टे, कुठे ओघळ. मी शेजारीच चष्मा लावून बसलो होतो. बँकेत असताना काही वर्षे मी अंतर्गत तपासणीचे काम केले आहे; चूक दिसली की हात आपोआप पुढे होतो. "दे इकडे," असे म्हणून मी त्याच्या हातातून कुंचला घेतला आणि तो ओघळ सारखा करू लागलो. रंग अर्धवट वाळला होता. कुंचल्याबरोबर त्याची साय निघून आली आणि पंखाच्या मध्यभागी करडे भोक पडले. ते बुजवायला गेलो, तर आणखी वाढले. नातू काही बोलला नाही. उठून खेळायला निघून गेला.

दारात उभे राहून चिरंजीव हे पाहत होते. ते हसून म्हणाले, "बाबा, माझ्या रोजकीर्दीचंही असंच व्हायचं."

ते हसत म्हणाले, पण मला हसू आले नाही. शाळकरी वयात ते सुट्टीत माझ्या थोरल्या बंधूंच्या कापडदुकानी रोजकीर्द लिहायला बसत. मी रविवारी जाऊन वही पाही आणि लाल शाईने दुरुस्त्या करी, तेही गिऱ्हाइकांसमोर. त्या दुरुस्त्या चुकीच्या होत्या असे मी आजही म्हणणार नाही. परंतु पुढे त्यांनी तेच दुकान उत्तम सांभाळले, वाढवले आणि गेल्या वीस वर्षांत हिशेबाची एकही वही माझ्यासमोर ठेवली नाही. मुलगा स्वतंत्र झाला, अशी मी त्याची समजूत घालून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच टेबलापाशी बसलो. बिघडलेला पंख बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासला आणि मुळापासून आरंभ केला. महिनाभरात, बरेच बिघडवून, जे समजले ते येथे नोंदवतो. कोणाच्या घरी असा संच आला असेल, तर उपयोगी पडेल.

भाग प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावेत. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाही. नंतर अस्तर द्यावे. पिवळ्याखाली ते पांढरेच हवे. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घरात बरा, त्याला उग्र वास नसतो. तो बाटलीतून थेट न घेता बशीत काढून थेंब थेंब पाण्याने दुधाइतका पातळ करावा. पंखासारख्या पसरट भागाला रुंद, चपटा कुंचला घ्यावा आणि एकाच दिशेने लांब फटकारे द्यावेत. मनगट टेबलावर टेकवले, की माझ्या वयातही हात कापत नाही. वरचे छत फिरत असेल तर बंद करावे. ते धूळ आणते आणि कुंचल्यावरच रंग वाळवते. पंख जोडण्यापूर्वीच रंगवावेत, मात्र जोडाच्या जागा कोऱ्या ठेवाव्यात, कारण या कामाचा गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधतो आणि रंगावर तो चालत नाही.

कुंचल्याविषयी आपल्या वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. उत्तम म्हणून नावाजलेले 'सेबल' कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. आपल्या देशात मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचाही चोरटा व्यापार चालत आला आहे; तो कायद्याने गुन्हा आहे. ॲक्रिलिक रंगासाठी कृत्रिम धाग्याचे कुंचले उत्तम चालतात आणि स्वस्तही पडतात. खरेदी करताना दुकानदाराला केस कशाचे, हे स्पष्ट विचारावे.

आणि सर्वांत अवघड नियम असा, की एकदा फटकारा दिला की त्या जागी पुन्हा जाऊ नये. पहिला हात वाईटच दिसतो. तो बोटाला कोरडा लागला, तरी आतून पक्का झालेला नसतो. मी आता एक हात दिला, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला शिवत नाही. दुसऱ्या हाताने पट्टे फिके होतात, तिसऱ्याने बहुतेक जातात. आमच्या पिवळ्याला चार हात लागले. जी चूक ओली असताना दुरुस्त करायला गेलो, ती प्रत्येक वेळी मोठी झाली. वाळू दिली, तर पुष्कळदा पुढच्या हाताखाली आपोआप झाकली गेली. जी उरली, ती हलके घासून निघाली.

चौथ्या-पाचव्या दिवशी नातू पाठीमागे येऊन उभा राहिला. "आजोबा, हा तोच पंख?" मी होय म्हटले आणि दुसरा, कोरा पंख व कुंचला त्याच्यापुढे ठेवला. त्याने पहिला हात दिला. पट्टे आले. एका कोपऱ्यात रंग साचला. तो साचलेला थेंब मला दिसत होता आणि कुंचला माझ्या हाताशीच होता. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. ती पंधरा मिनिटे मला बँकेच्या वार्षिक ताळेबंदापेक्षा जड गेली.

त्या रात्री जेवणानंतर मी चिरंजिवांना म्हणालो, "तुझ्या वह्यांचं माझं चुकलंच. सांगायचं ते घरी येऊन सांगायला हवं होतं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जुनं झालं ते, बाबा." आणि टेबलाकडे जाऊन त्यांनी विचारले, "हा किती वेळात वाळतो?"

विमान आता जवळजवळ पूर्ण झाले आहे. नातवाच्या पंखाच्या कोपऱ्यात तो थेंब जाड होऊन राहिला आहे. नीट पाहिले तर दिसतो. घासायचा का, असे मी त्याला एकदा विचारले. "राहू दे," तो म्हणाला. पुढचा लाकडी पंखा तेवढा तपकिरी करायचा बाकी आहे. त्याचा पहिला हात चिरंजीव देणार आहेत.