बाळाला बापाच्या मांडीपर्यंत पोचवा



घरात पाळणा हलतो आहे आणि बाप तुरुंगात आहे, अशी घरं आपल्या आसपास आहेत. शेजारीपाजारी तिथे फिरकत नाहीत. त्या घरांसाठी आम्ही तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

नवजात बाळाला जेमतेम वीत-सव्वा वीत अंतरावरचंच नीट दिसतं. माणूस ते ओळखतं वासाने, आवाजाने, अंगाच्या उबेने. तुरुंगातली मुलाखत मात्र होते जाळीआडून, नाहीतर काचेआडून इंटरकॉम कानाला लावून. पाच वर्षांच्या मुलीला त्यातूनही बाप थोडाफार मिळतो. दीड महिन्याच्या बाळाला काहीच मिळत नाही. बापाने त्याला पाहिलं, पण बाळाच्या बाजूने भेट झालीच नाही. आठव्या-नवव्या महिन्यात बाळाला आपलं-परकं कळू लागतं, तेव्हा बाप परक्यांत जमा झालेला असतो. सुटून घरी आल्यावर त्याने उचलून घेतलं की लेकरू भोकाड पसरतं. ते बघून तो हात आखडता घेतो, आणि मग ते अंतर घरातच राहायला येतं.

तुरुंगातले बहुतेक जण दोषी ठरलेलेही नसतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते; त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असे.

आई तुरुंगात असेल तर मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात त्याबद्दल सविस्तर निर्देश दिले. बापाच्या वाट्याला तुटक सोयी आहेत. शिक्षा झालेल्या कैद्याला बायकोच्या बाळंतपणासाठी पॅरोल मागण्याची तरतूद महाराष्ट्राच्या नियमांत आहे. कच्च्या कैद्याला मात्र न्यायालयाकडे तात्पुरता जामीन मागावा लागतो. अर्ज कोण लिहिणार, दवाखान्याचा दाखला कोण जोडणार, तारखेला कोण उभं राहणार? हे जुळेपर्यंत बारसं उरकलेलं असतं, आत्याने कानात नावही सांगितलेलं असतं.

आपल्या कारागृह विभागाने ‘गळाभेट’ हा फार चांगला उपक्रम सुरू केला. मधली जाळी बाजूला ठेवून कैद्यांना आपली मुलं कुशीत घेता आली. पण असा कार्यक्रम कधीतरी होतो, आणि तान्ह्या बाळाला ‘कधीतरी’ परवडत नाही. म्हणून कारागृह प्रशासनाला आमची विनंती आहे: वर्षाच्या आतल्या बाळाची भेट महिन्यातून एकदा तरी जाळीविना व्हावी. झडती घ्या, पहारा ठेवा, पण अर्धा तास बाळ बापाच्या मांडीवर असू द्या. कच्च्या कैद्यांनाही यातून वगळू नका.

‘गुन्हेगाराचे हे लाड कशाला?’ असं विचारणारे आहेत, आणि ज्यांनी गुन्ह्यात आपलं माणूस गमावलं त्यांनी ते विचारलं तर त्यांच्यापुढे आम्ही वाद घालणार नाही. इतरांना एवढंच सांगतो की ही भेट बाळासाठी मागतो आहोत. आणि ज्या बापावर बायकोला किंवा मुलांना मारहाण केल्याचा, छळाचा आरोप आहे, तिथे आमचा आग्रह मुळीच नाही. आईची इच्छा नसेल तर विषय तिथेच संपला.

वकील मित्रांनो, बाळंतपणाचे दिवस भरत आले असतील अशा घराचा एक अर्ज तरी विनामूल्य लिहून द्या. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. तरुणांनो, ई-मुलाकातची, म्हणजे कैद्याशी व्हिडिओ कॉलवरच्या भेटीची, नोंदणी करून द्या आणि कॉलच्या वेळी फोन बाळाच्या कानाजवळ धरा. निदान बापाचा आवाज तरी त्याच्या ओळखीचा होईल. आशाताईंनो, तुम्हाला गावातली प्रत्येक गरोदर बाई ठाऊक असते. आपला नवरा कुठे आहे हे तिने सांगितलं तर चारचौघांत बोलू नका, पण तिला वकिलाशी जोडून द्या.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी मुलाखतीच्या दिवशी बाळाच्या आईसोबत एसटीत बसावं. ओल्या बाळंतिणीने तान्हं बाळ, पिशवी आणि कागदपत्रं सांभाळत तुरुंगाच्या दारात तासन्‌तास एकटीने ताटकळू नये. तुमच्या गल्लीत अशी कुणी असेल तर या आठवड्यातच तिच्याकडे जा आणि विचारा, पुढची मुलाखत कधी आहे.