भूमिकेचा रकाना कुठे आहे?

विधानसभेच्या उमेदवाराला अर्जासोबत ‘नमुना २६’ मध्ये शपथपत्र द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ मधील निकालामुळे गुन्हे, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांचा तपशील मतदारांपुढे येऊ लागला. उमेदवाराच्या घरी सोने किती, हे त्यातून कळते. सिंचन, शाळा, दवाखाने यांबाबत त्याचे मत काय, हे मात्र कळत नाही.

२०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत ‘लाडकी बहीण’ योजनेतील दरमहा १५०० रुपये २१०० करण्याचे आश्वासन महायुतीने दिले, महाविकास आघाडीने ३००० चा आकडा पुढे केला. ही बोली पक्षांची होती. हा पैसा कुठून येणार आणि कोणत्या खर्चाला कात्री लागणार, हे दारात मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारले कोणी?

आमदार म्हणजे मोठा नगरसेवक नव्हे. पोलीस, आरोग्य, शेती, पाणी हे राज्यसूचीतील विषय. त्यांवरचे कायदे आणि अर्थसंकल्प विधानसभेत मंजूर होतात. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडून मतदान केल्यास आमदारकी धोक्यात येते, हे खरे. पण पक्षादेश हात बांधतो, तोंड नव्हे. पक्षाच्या बैठकीत बोलायला, सभागृहात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायला वाव उरतोच.

तेव्हा ‘आम्हाला काय देणार?’ याऐवजी ‘तुमचे म्हणणे काय?’ असे विचारावे. उत्तर लिहून ठेवावे. पाच वर्षांनी ताळा करायला ते कामी येईल.