पंचाचें घर

घरांतील मुलगा किंवा मुलगी सनदी लेखापालाची परीक्षा उतरली म्हणजे आपल्याकडे आनंदीआनंद होतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच व्यवसायांत पंचवीस-तीस वर्षें घालविलेल्या गृहस्थास जेव्हां स्वतःच्या व्यवसायबंधूंच्या वर्तनाचा निवाडा करणाऱ्या मंडळावर बोलावणें येतें, तेव्हां मंडळी पेढे वाटून मोकळी होतात, व पुढें काय वाढून ठेवलें आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. या मासीं त्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे.

हीं मंडळें आलीं कोठून, तें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १९१८ सालीं मुंबईस हिशेबाची सरकारी पदविका सुरू झाली. १९३२ सालीं सरकारास सल्ला देण्यासाठीं हिशेबनिसांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. आणि १ जुलै १९४९ रोजीं सनदी लेखापालांचा कायदा अमलांत येऊन या व्यवसायाचा कारभार बहुतांशीं त्याच्याच निवडून दिलेल्या प्रतिनिधींच्या हातीं आला. (सनद राजानें द्यावयाची, ही विलायतेंतील रीत. आपल्या लेखापालांना ती कोणा राजानें दिली नाहीं, कायद्यानें दिली; पण नांव मात्र तिकडचेंच राहिलें.)

व्यवसायाचें शासन व्यवसायानेंच करावें, या तत्त्वांत तथ्य आहे. ताळेबंदांतील खोंच ज्यानें शेंकडों ताळेबंद पाहिले त्यालाच कळते. पण यांतील अडचणही उघड आहे. आज ज्याच्यावर आरोप आहे तो उद्यां मतदार म्हणून समोर उभा राहणार! म्हणूनच २००६ च्या दुरुस्तीनें गंभीर आरोपांसाठीं पांच जणांची जी शिस्तपालन समिती ठरविली, तींत दोन सभासद सरकारनें नेमावेत असें झालें. उरलेले तिघे मात्र व्यवसायाच्या मंडळांतलेच राहिले. अशा समितीचा अधिकार लहानसहान नव्हे. नोंदवहींतून एखाद्याचें नांव कायमचें काढून टाकण्यापर्यंत तो जातो, म्हणजे एका कुटुंबाची चूल बंद पडण्याचा प्रश्न असतो.

लोकांस वाटतें कीं, अशा मंडळापुढें सारे लबाडच येत असावेत. वस्तुतः कठीण खटला लबाडाचा नव्हे, निष्काळजी माणसाचा. कायद्यानें योग्य ती दक्षता न बाळगणें हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार मानला आहे. आतां प्रामाणिक चूक कोठें संपते आणि हयगय कोठें सुरू होते, हें कोणत्या मापानें मोजावें? हैद्राबादच्या सत्यम कंपनीचें उदाहरण पाहावें. ७ जानेवारी २००९ रोजीं तिच्या अध्यक्षांनीं पत्र लिहून कबूल केलें कीं, रोख व बँकेंतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटींपैकीं ५,०४० कोटी रुपये मुळांत अस्तित्वांतच नाहींत. हिशेब तपासनिसांनीं बँकांकडून शिलकेचीं पत्रें मागविलीं नव्हतीं काय? तीं आलीं होतीं. पण पत्रें पाठविण्याचें व उत्तरें आणण्याचें काम कंपनीवरच सोंपविलें होतें, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोखे नियामकांनीं २०११ सालीं नोंदविला. वाण्याचें देणें किती, हें वाण्यास न विचारतां, बाजार करणाऱ्या गड्याकडूनच त्याची चिठ्ठी आणवून घ्यावी, तशांतला हा प्रकार. एवढी साधी गोष्ट. आणि तिच्यावर असंख्य घरांची शिल्लक अवलंबून होती.

या व अशा प्रकरणांनंतर सरकारनें १ ऑक्टोबर २०१८ रोजीं राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण निराळें स्थापिलें. शेअर बाजारांत नोंदलेल्या व इतर मोठ्या कंपन्यांच्या तपासनिसांची चौकशी त्याच्याकडे गेली. सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत काम बंद ठेवण्याची शिक्षा तें देऊं शकतें. त्याच्या पूर्णवेळ सभासदांवर एक बंधन असें कीं, नेमणूक चालूं असतां आणि ती संपल्यावर दोन वर्षें कोणत्याही हिशेब तपासणी संस्थेशीं त्यांनीं संबंध ठेवूं नये. व्यवसायांतील पुष्कळांस स्वायत्ततेचा हा संकोच रुचला नाहीं. आमच्या मतें मात्र हें बंधन आपल्या जुन्या शहाणपणास धरूनच आहे. पेशवाईंत मामलेदाराजवळ फडणीस, मुजुमदार वगैरे दरकदार असत, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे. ज्याचा कारभार पाहावयाचा त्याच्याच मर्जीवर पाहणारा जगूं नये, ही गोष्ट तेव्हांही कळत होती.

पण कायद्याचें बंधन कचेरीच्या दारापर्यंत. पुढें ओसरी लागते. मंडळावर एक माणूस बसतो आणि त्याच्या घरीं दहा येतात. येणारा कांहीं पैशाची थैली घेऊन येत नाहीं. तो असतो सुनेचा मामा, शाळेंतला जुना सोबती, किंवा ज्यांच्या हाताखालीं उमेदवारी करून आपण धंदा शिकलों ते वृद्ध गुरुजी. तोही म्हणतो इतकेंच, “भाऊसाहेब, मुलगा गरीब आहे हो, जरा लक्ष असूं द्या.” यांत गैर काय, असें माजघरांतील मंडळींस वाटतें. गैर हें कीं, फिर्यादी त्या वेळीं ओसरीवर हजर नसतो. सुनावणींत एकानें म्हटलेल्या शब्दास दुसऱ्यास उत्तर देतां येतें; चहाबरोबर कानांत पडलेल्या शब्दास कोण उत्तर देणार? तो कागदावर येत नाहीं आणि मनांतूनही जात नाहीं. शिवाय उलटाही अन्याय घडतो: रदबदली झाली म्हणून चिडून पंच अधिकच कठोर होतो, आणि मामाच्या आगाऊपणाची शिक्षा भाच्यास भोगावी लागते.

म्हणून ज्या घरांत असें बोलावणें येईल तेथें वडील माणसांनीं पहिल्याच दिवशीं सर्वांस, सुना-लेकींसह, एकत्र बसवून कांहीं गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आलेल्याचें आदरातिथ्य व्हावें, पण प्रकरणाचा विषय निघतांच मंडळाकडे लेखी अर्ज करण्यास सांगावें. घरीं दिलेलें पत्र न फोडतां कचेरींत पोंचतें करावें. आरोपीशीं नातें अथवा देवघेव असेल तर तें आधींच कळवून त्या प्रकरणापुरतें आसन सोडावें. पुतण्या आरोपीच्या कचेरींत उमेदवारी करीत असला तरी तें सांगावें, मग व्याह्यांनीं अबोला धरला तरी चालेल. बायकांनीं हळदीकुंकवांत, “यांच्यापुढें सध्यां मोठें प्रकरण आहे,” एवढेंही म्हणूं नये. नांव न घेतलें तरी ऐकणारीला तें बरोबर समजतें.

राहतां राहिले कागद. पूर्वीं ते पेटींत ठेवून किल्ली जानव्यास बांधतां येत असे. आतां बहुतेक कागद संगणकावरच येतात, आणि आजोबांच्या संगणकाचा परवलीचा शब्द आजोबांपेक्षां नातवासच अधिक पाठ असतो. तो बदलून घ्यावा, आणि यावेळीं नातवाकडून बदलून घेऊं नये.