वाचनवेध : वहीच्या दुसऱ्या बाजूने

गेल्या पंधरवड्यात गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ पुन्हा वाचले. साहित्य अकादमीने १९७२ साली गौरविलेले हे अनुभवकथन १९४५च्या वारली लढ्याचे आहे. त्याचे मुख्य क्षेत्र डहाणू-उंबरगाव. तथापि जव्हार-मोखाड्यातील आमच्या वांगणीसही ते परके वाटत नाही.

सर्वांत विदारक भाग लग्नगड्यांचा. लग्नासाठी घेतलेल्या किरकोळ कर्जापायी नवरा-बायको दोघेही धनकोकडे वर्षानुवर्षे राबत. कर्ज फिटत नसे, कारण श्रम जमेस धरायचे की नाही हे वही लिहिणाराच ठरवी आणि ऋणकोला अक्षर येत नसे. व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाला येथे अवघडल्यासारखे होते, व्हावेच. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, उगाच गणलेली नाही.

लेखिकेचे निवेदन साधे, अनलंकृत आहे. म्हणूनच ते बोचते. सावकाराच्या मनात मात्र त्या फारशा शिरत नाहीत. लढ्यात उतरलेल्या कार्यकर्तीकडून तशी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचेच. ती बाजू आपल्यापैकीच कोणीतरी, जुन्या वह्या उघडून, प्रामाणिकपणे लिहावयास हवी.

पेढीवर बसू लागलेल्या मुलांच्या हाती हे पुस्तक अवश्य द्यावे. या भागातील कितीतरी कुटुंबे पावसाळा सरला की आजही उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्या उचलीचीही वही असते. दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी वाचून झाले, तर अधिक बरे.