अर्धा संबळ

आमच्या धाराशिव जिल्ह्यात गाण्याबजावण्याला आता दोनच जागा उरल्या आहेत. एक तळहातावरचा फोन आणि दुसरी ट्रकवर रचलेली डीजेची भिंत. पहिल्या जागी एकट्याने ऐकायचे. दुसऱ्या जागी साऱ्या गावाने ऐकायचे, मग इच्छा असो वा नसो. घरातल्या चार माणसांनी सतरंजीवर एकत्र बसून ऐकण्याची जी मधली जागा होती, ती कोणी नेली? पूर्वी ती रेडिओने सांभाळली होती. कोनाड्यातला रेडिओ गेला आणि त्याच्याबरोबर ती बैठकही उठली. माझे म्हणणे असे की, ती बैठक परत मांडता येते आणि तिची निम्मी सामग्री पुष्कळ घरांत आधीच धूळ खात पडलेली आहे. घरातला संगणक रिसीव्हरला जोडा, रिसीव्हरला पाच स्पीकर जोडा, आणि सगळे मिळून ऐकायला बसा. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवाळी अंकाची पाने अडवलेली पाहून काही वाचकांना हसू येईल. खुशाल यावे, चकली खाताना आलेले हसू चांगलेच असते. पण लेख पुरा वाचावा.

प्रथम संबळाचे उदाहरण घेतो. तुळजापूर आमच्या जिल्ह्यातले, तेव्हा संबळ आमच्या कानांना बाळघुटीबरोबरच मिळालेला. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन भांडी. एक खर्जात घुमणारे, दुसरे टिपेला बोलणारे. या दोघांच्या सवालजबाबातच गोंधळाची सारी मौज आहे. आता तोच गोंधळ फोनवर लावून पाहा. फोनचा स्पीकर नखाएवढा. खर्जाचा स्वर उमटवायला जेवढी हवा हलवावी लागते, तेवढी हलवण्याची त्याची ताकदच नाही. टिपेचे भांडे तेवढे टकटक करते आणि खर्जाचे भांडे गायब! मग तोच संबळ डीजेच्या भिंतीतून ऐका. तिथे खर्ज एवढा फुगवलेला की, छातीचा पिंजरा हादरतो. टिपेचे बोल, तुणतुणे, गोंधळ्याचे शब्द, सारे त्या धडधडीखाली गाडले जाते. फोनने एक भांडे चोरले, डीजेने दुसरे फोडले. आमच्या मुलांना अर्धा संबळ घरात मिळतो आणि अर्धा रस्त्यात. पण असले दोन अर्धे मिळून एक पुरा संबळ होत नाही. देवीच्या दारी प्रत्यक्ष ऐकला तर तो पुरा कानी पडतो, हे खरे. पण देवीच्या दारी जाणे वर्षातून एकदोनदा. कान मात्र बारा महिने उघडे असतात.

आता जोडणीकडे वळू. रिसीव्हर हे नाव ऐकून कोणी बिचकू नये. आलेला ध्वनी घ्यायचा, त्याचे भाग वेगळे करायचे आणि प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा पोचेल एवढे बळ द्यायचे, एवढेच त्या पेटीचे काम. पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखे म्हणा ना! पाच स्पीकर माणसांभोवती बसतात: समोर तीन आणि दोन्ही बाजूंना, किंचित मागे, एकेक. सहावा तो खर्जाचा डबा, ज्याला सबवूफर म्हणतात. संगणकाच्या ज्या भोकात आपण कानातली तार खुपसतो, त्यातून दोनच वाटे बाहेर पडतात. ऑप्टिकल तारेतून एकतर दोन वाटे शुद्ध येतात, नाहीतर पाच वाटे दाबून बसवलेले येतात. एचडीएमआय तारेतून मात्र सगळे वाटे पुरेपूर येतात, आणि चित्रही त्याच तारेने येते. तेव्हा संगणकातून निघालेली एचडीएमआय तार रिसीव्हरमध्ये घालावी आणि रिसीव्हरमधून दुसरी तार टीव्हीकडे न्यावी. झाली जोडणी!

पण जोडणी झाली म्हणजे काम झाले असे नव्हे, आणि इथेच आमचे बहुतेक उत्साही लोक हात झटकून उठतात. घरात स्पीकर किती आहेत, हे संगणकाला सांगावे लागते. तो आपला दोनच आहेत असे धरून चालतो आणि पाचांचे भांडवल दोघांत वाटून मोकळा होतो. उलट दोनच स्पीकर असताना पाच आहेत असे सांगितले, तर अनर्थ आणखी मोठा. कारण चित्रपटातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरच्या वाट्याला दिलेले असतात. मग पाऊस ऐकू येतो, दार आपटलेले ऐकू येते, पण नायिका काय म्हणाली ते कळत नाही. घरातले वडीलधारे म्हणतात, "हल्लीच्या नटांना धड बोलताच येत नाही." नट बिचारे बोलतच असतात, त्यांचे बोलणे न जोडलेल्या तारेच्या टोकाशी लोंबकळत असते! तसेच तारेचे. तांबडी तांबडीला, काळी काळीला. एका स्पीकरची तार उलटी लागली, तर एकाने हवा पुढे ढकलावी आणि दुसऱ्याने त्याच वेळी मागे ओढावी असा प्रकार होतो. खर्ज पातळ होतो आणि गवय्या मधून उठून कुठेतरी भिंतीत जाऊन बसतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो आणि लांबच्याचा मागाहून. कोणता स्पीकर किती अंतरावर आहे हे रिसीव्हरला सांगितले की, जवळच्याला तो क्षणभर थोपवून धरतो आणि सगळे एकदम कानाशी पोचतात.

या साऱ्या खटाटोपात आवाज मोठा करण्याचा प्रश्न कुठे आला? कुठेही नाही. प्रत्येक ध्वनी आपापल्या जागी आणून बसवणे, हाच यातला सारा उद्योग आहे. आणि नेमकी हीच गोष्ट आमच्या बाजारात कोणी सांगत नाही. एका दुकानात मी या वस्तू पाहायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने मला एकच गुण दाखवला: शोकेसची काच किती थरथरते! "साहेब, शेजारी पळून जातील," असे तो अभिमानाने म्हणाला. शेजारी पळून जावेत म्हणून कोणी घर बांधतो का? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. पण कायद्याचे सोडा, देवीचे पाहा. शारदीय नवरात्राआधी तुळजाभवानी मंचकी निद्रा घेते. साक्षात जगदंबेला आम्ही पलंगावर निजवतो, तिच्या झोपेचा मान राखतो. आणि गल्लीतल्या आजारी म्हातारीच्या खिडकीखाली मध्यरात्री वरात नाचवतो! ही कसली भक्ती आणि हा कसला आनंद?

आता आक्षेपांकडे येतो, आणि सर्वांत जड आक्षेप आधी घेतो. २०१८ साली सरकारने देशातले मागे पडलेले जिल्हे निवडून त्यांना 'आकांक्षित' म्हटले, त्यांत आमचा जिल्हा होता. २०१६ च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे टँकरची वाट पाहत घागरी रांगेत बसतात, तिथे हा गृहस्थ स्पीकरच्या गोष्टी करतो, ही श्रीमंतांची थेरे नव्हेत काय? आक्षेप खरा आहे आणि तो मी हसून टाळणार नाही. पण याच दुष्काळी मुलखात वरातीपुढे एका संध्याकाळसाठी डीजे ठरवताना कोणाला दुष्काळ आठवत नाही, हेही तितकेच खरे आहे. एका रात्रीच्या भाड्यात सकाळी हाती उरते ती डोकेदुखी. मी सांगतो ती सामग्री वर्षानुवर्षे टिकते, आणि ती नवी कोरी हवी असेही नाही. मुलगा पुण्याला गेला, त्याचा संगणक कपड्याखाली झाकून ठेवलेला असतो. तो गाणी वाजवायला पुष्कळ आहे. रिसीव्हर जुना चालतो. स्पीकर आधी दोन घ्यावे, ऐपतीप्रमाणे पुढे वाढवावे. शिवाय गरिबाने फक्त पोटाचे पाहावे, कानाचे पाहू नये, हा नियम कोणी केला? जात्यावरची ओवी काय सुकाळाच्या वर्षीच गायली जात होती?

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतात, गाण्याला दोन स्पीकर पुरतात, पाचांचा हव्यास कशाला? एकट्या माणसाला दोन पुरतात, हे मला मान्य आहे. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये जो बसेल, त्याला गायक समोर दिसल्यासारखा वाटतो. पण तो मधून जरा सरकला की गायकही जवळच्या स्पीकरकडे सरकतो. म्हणजे ती एका खुर्चीची चैन झाली. घरात आजी खाटेवर, मुले जमिनीवर, सूनबाई दाराशी. बोलणे या सगळ्यांना समोरूनच ऐकू यावे, म्हणून मधला स्पीकर. तो कुटुंबासाठी आहे. एकट्यानेच ऐकायचे असते तर फोन काय वाईट होता?

मात्र पाच स्पीकर आहेत म्हणून प्रत्येक गाणे पाचांतून ओतणे हा शुद्ध अडाणीपणा, आणि तो मी घरोघर पाहतो. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले. गदिमांची छप्पन गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. आणि ध्वनी रेडिओच्या एकाच वाटेने आलेला. आता रिसीव्हरवर 'हॉल', 'स्टेडियम' अशी बटणे असतात. ती दाबून त्या काळचे ध्वनिमुद्रण लावले की, रामकथा क्रिकेटच्या मैदानात सांगितल्यासारखी वाटते! जे एका वाटेने आले ते समोरूनच येऊ द्यावे. जे दोन वाटांनी मुद्रित झाले ते दोघांतून. पाचांचा मान पाचांसाठी केलेल्या चित्रपटाला द्यावा. ज्याचे त्याला द्यावे, हा व्यवहारातला नियम ध्वनीलाही लागू आहे.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात विकत मिळत नाही. आमची जुनी माळवदाची घरे पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची. त्या भिंती ध्वनी थोडा पिऊन टाकीत. आता सिमेंटचा चौकोन, खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब. एक टाळी वाजवली तर चार ऐकू येतात. अशा खोलीत लाखाची सामग्रीही गोंगाटच करील. मडके पक्के की कच्चे हे थापटून ओळखणारे गोरोबाकाका आमच्या तेरचेच. त्यांची आठवण ठेवून, स्पीकर घेण्यापूर्वी खोली थापटून पाहावी. टाळी मागे रेंगाळत असेल, तर खाली सतरंजी अंथरावी, समोरच्या भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगावी, दाराला पडदा लावावा. आजीने शिवलेली वाकळ जे काम करते, ते रिसीव्हरचे कोणतेही बटण करीत नाही.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आमच्या घराघरांतल्या फोनमध्ये गेल्या दहापंधरा वर्षांत पुष्कळ काही साठले आहे. आजोबांचे भजन, आत्याच्या मंगळागौरीच्या गाण्यांची चित्रफीत, अंगणात घातलेला गोंधळ, आणि पुष्कळदा आता हयात नसलेल्या माणसांचा नुसता बोलण्याचा आवाज. हे सारे आपण फोनच्याच स्पीकरवर ऐकतो आणि म्हणतो, आवाज नीट आला नाही. बहुधा तो पुष्कळसा आलेला असतो. फोनचा कान त्याच्या तोंडापेक्षा तिखट. त्याने जेवढे ऐकून ठेवले, तेवढे त्याला बोलून दाखवता येत नाही. ते मुद्रण संगणकावर उतरवा आणि रिसीव्हरमधून ऐका. पखवाजाची घुमारी, आजोबांच्या आवाजातला खर्ज, श्वास घेण्याची त्यांची लकब. जे हरवले असे वाटत होते, त्यातले पुष्कळ तिथेच दडलेले सापडेल. आणि एकदा असे ऐकले की, पुढच्या वेळी गोंधळी अंगणात आला असता फोन कुठे धरावा, संबळाच्या किती जवळ धरावा, हे घरातल्या पोरालाही आपोआप कळेल.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत लक्ष्मीपूजन झाले, पाहुणे जेवले, की एक काम करा. घरातल्या पोरीला नाहीतर पोराला तारा जोडायला बसवा. त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते. आवाज शेजारच्या अंगणात जाणार नाही एवढाच ठेवा. आधी घरातल्या कोणाचे तरी मुद्रण लावा, मग गोंधळ लावा, आणि संबळाची दोन्ही भांडी वेगवेगळी ऐकू येतात की नाही, ते आजीला विचारा. ती हो म्हणाली, तर जोडणी बरोबर झाली. ती नाही म्हणाली, तर तारा पुन्हा तपासा. चूक तारेत असेल, आजीच्या कानात नव्हे.