पानांची परीक्षा

गणितज्ञ रिचर्ड गार्फील्ड यांनीं १९९३ सालीं अमेरिकेंत काढलेल्या ‘मॅजिक’ या मायावी पत्त्यांच्या खेळाचें आमच्या नातवास वेड आहे. त्यानें व त्याच्या मित्रांनीं स्वतः पानें रचून परीक्षणार्थ आम्हांपुढें ठेविलीं. नियम अर्थात् त्यांच्याकडूनच शिकलों; या वयांत शिष्यत्व बरें वाटलें!

मूळ संचांत पांच रंगांचीं पांच पानें आहेत. शक्तीची एकच मात्रा खर्चावी व तीनांचा लाभ घ्यावा: लाल पान तीन आघात करी, पांढरें तीन प्राणांक देई, निळें तीन नवीं पानें देई. दिसावयास समन्याय, पण निळें इतकें भारी ठरलें कीं, तें बहुतेक प्रकारांत वर्ज्य झालें व जेथें चालतें तेथेंही एकच प्रत घेतां येते. आम्हीं हाच निकष धरिला. नातवाच्या गरुडाचें चित्र सर्वांत देखणें. परंतु तो एका मात्रेंत चार पानें ओढी! त्यास शेवटचा क्रमांक दिला. पहिलें आलें तें एक ओबडधोबड कासव. महाग, मंद, पण प्रतिपक्षास डाव उरूं देणारें.

नातवानें दोन दिवस अबोला धरिला. काल गरुडाचें मोल चार मात्रा करून त्यानें पान पुन्हां आमच्या मेजावर ठेविलें आहे. चित्र तेंच आहे.